शेतसंरक्षणाची बंदूक घेऊन सार्वजनिक रस्ता ओलांडताना कायदा काय सांगतो?

बागायतदार यांचा प्रश्न

नमस्कार. माझी भातशेती आणि काजूची बाग यांच्यामधून पूर्वी बैलगाडीची पाणंद जात असे. ती आता रुंद होऊन डांबरी झाली आहे आणि तिच्यावरून दिवसा एस. टी. च्या गाड्या व रात्री उशिरापर्यंत चिऱ्यांचे ट्रक धावतात. रस्त्याच्या अलीकडचे भात आमच्या गावात आणि पलीकडची बाग शेजारच्या गावाच्या हद्दीत येते, परंतु सातबारा दोन्हीकडचा माझ्याच नावावर असल्यामुळे घरात कोणी या गोष्टीचा कधी वेगळा विचार केला नाही. वडिलांच्या पश्चात मी रीतसर अर्ज करून शेतसंरक्षणाचा परवाना स्वतःच्या नावावर घेतला असून त्यावर ठासणीची एकनळी बंदूक नोंदलेली आहे.

भात पोटरीला आले की रानडुकरांचे कळप उतरतात, हे कोकणात कोणाला सांगायला नको. एका रात्रीत पाच-सहा गुंठे भात ती नांगरल्यासारखे लोळवून जातात. म्हणून आम्ही माळ्यावर, म्हणजे शेतातल्या मचाणावर, बसून राखण करतो. गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाच्या सुमारास भाताच्या माळ्यावरून उतरून मी काजूच्या बागेकडे निघालो होतो. बंदूक ठासलेली होती, पण रस्ता म्हणजे जेमतेम पंचवीस पावले, म्हणून तशीच खांद्याला लावून चाललो होतो. माझा १९ वर्षांचा मुलगा बॅटरी घेऊन बरोबर होता. तेवढ्यात गस्तीची गाडी आली. अधिकाऱ्यांनी परवाना मागितला आणि तो घरी कपाटात होता. पोलीस पाटलांना फोन लावल्यावर ओळख पटली आणि त्यांनी समज देऊन सोडले, परंतु जाताना, भरलेली उघडी बंदूक रस्त्यावर दिसली तर पुढच्या वेळी गुन्हा दाखल करीन, असे स्पष्ट सांगून गेले.

मला त्यांच्याविषयी तक्रार नाही. मला नियम नेमका काय आहे हे समजून घ्यायचे आहे. स्वतःच्या एका जमिनीतून दुसऱ्या जमिनीत जाताना मधला रस्ता सार्वजनिक असेल तर बंदूक कशी न्यावी? रस्त्यापासून ५० फूट सोडले की बार काढायला हरकत नाही, असे वाडीत सगळेच म्हणतात. त्याला काही आधार आहे का? आणि कधी कधी मी गडगा (दगडी कुंपण) चढताना बंदूक मुलाच्या हातात देतो, ते चालते का?

फौजदारी वकील यांचे उत्तर

आपण घटना जशी घडली तशी लिहिलीत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे.

प्रथम ५० फुटांविषयी. आपल्या शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये किंवा शस्त्र नियम, २०१६ मध्ये रस्त्यापासून अमुक फूट अंतर सोडले की गोळीबार कायदेशीर होतो, असा कोणताही नियम नाही. हा आकडा इंग्लंड व वेल्समधल्या १९८० च्या महामार्ग कायद्यातल्या तरतुदीशी जुळतो. तिथे रस्त्याच्या मध्यापासून ५० फुटांच्या आत योग्य कारणाशिवाय बंदूक चालवली आणि त्यामुळे रस्त्यावरच्या कोणाला इजा, अडथळा किंवा धोका झाला, तर तो गुन्हा ठरतो. तो आकडा वाडीपर्यंत कोणत्या वाटेने आला असेल ते असो, परंतु आपल्याकडे त्याच्या भरवशावर कोणी बार काढू नये. आपल्याकडे अंतर मोजले जात नाही, धोका पाहिला जातो. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २५ मध्ये पोटकलम ९ आले असून, निष्काळजीपणे बंदूक चालवून दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लग्नातल्या गोळीबाराची चर्चा झाल्यामुळे हे पोटकलम फक्त वरातींसाठी आहे असा अनेकांचा समज आहे, पण त्याचे शब्द त्याहून व्यापक आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ याशिवाय आहेच, आणि त्यासाठी कोणी जखमी व्हावेच लागते असे नाही. माणूस दगावला तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता रस्ता ओलांडण्याविषयी. शस्त्र नियम, २०१६ मधला नियम ३२ सार्वजनिक ठिकाणी बंदूक कशी न्यावी हे सांगतो. लांब नळीची बंदूक तिच्यासाठीच बनवलेल्या गवसणीत असली पाहिजे, ती पूर्ण झाकलेली असली पाहिजे आणि नेणाऱ्याचा तिच्यावर प्रत्यक्ष ताबा असला पाहिजे. रस्ता पंचवीस पावलांचा आहे की पंचवीस किलोमीटरचा, याने नियमात फरक पडत नाही. दोन्ही बाजूंची जमीन आपली असली तरी मधला डांबरी पट्टा आपला नाही, आणि त्यावर पाऊल ठेवताक्षणी आपण सार्वजनिक ठिकाणी असता. अटींचा भंग झाला तर शस्त्र अधिनियमाच्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हा एक भाग झाला. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने खरी भीती कलम १७ ची आहे, कारण अट मोडल्याच्या कारणावरून परवानाच निलंबित किंवा रद्द करता येतो.

परवाना घरी ठेवून बंदूक बाहेर काढणे आजपासून बंद करा. कलम १९ प्रमाणे शस्त्र बाळगणाऱ्याकडे पोलीस परवाना मागू शकतात आणि तो दाखवता आला नाही तर शस्त्र ताब्यात घेऊ शकतात. त्या रात्री आपली बंदूक ठाण्यात गेली असती तर ती सोडवण्यात हंगाम संपला असता.

मुलाचे वय लिहिलेत ते फार बरे केलेत. कलम ३ मध्ये एक सवलत आहे. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती, दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्याच वापरासाठी, ते शस्त्र नेऊ शकते. गावोगावी या सवलतीवर भिस्त असते. परंतु कलम ९ त्याच्या वर बसते आणि वयाची २१ वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला बंदूक बाळगण्यास किंवा नेण्यास मनाई करते. म्हणजे आपल्या मुलाच्या हातात गडगा चढण्यापुरतीही बंदूक देता येत नाही. तो २१ वर्षांचा झाल्यावर आपल्या समक्ष ती धरू शकेल, पण बार काढण्याचा अधिकार त्याला त्यामुळे मिळणार नाही.

ठासणीवाला यांचे उत्तर

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला. मी चाळीस वर्षे ठासणीची बंदूक हाताळत आलो आहे, म्हणून बंदुकीच्या अंगाने लिहितो, कारण ‘रस्त्यावर बंदूक भरलेली नको’ हे वाक्य बारा बोअरवाल्याला जेवढे सोपे आहे तेवढे आपल्याला नाही. बारा बोअरवाला नळी मोडतो, काडतूस काढून खिशात टाकतो आणि रस्ता ओलांडतो. आपल्याकडे एकदा दारू, वर चिंध्यांचा बोळा, त्यावर छर्रे आणि पुन्हा बोळा असे गजाने ठासले, की ते बाहेर काढण्याचे दोनच मार्ग राहतात. एक म्हणजे बार काढणे, आणि दुसरा म्हणजे गजाच्या टोकाला मळसूत्र लावून बोळा ओढणे. दुसरे काम अंधारात, घाईत आणि दमलेल्या हातांनी कधीही करू नये.

केप काढली की बंदूक रिकामी झाली, असे मानणारे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत. घोड्याखालच्या निपलवरची ती तांब्याची टोपी काढल्याने धोका कमी होतो हे खरे, परंतु नळीत दारू आहे तोपर्यंत ती बंदूक भरलेलीच आहे. केप काढल्यावरही तिचा थोडा मसाला निपलच्या भोकाशी चिकटून राहू शकतो आणि घोडा आपटला तर ठिणगी पडू शकते. आमच्या शेजारच्या वाडीत एका राखणदाराने केप काढलेली बंदूक गडग्याला टेकवून ठेवली होती. ती घसरली, घोडा दगडावर आदळला आणि बार झाला. छर्रे मांडवाच्या पत्र्यातून आरपार गेले. त्या पत्र्याखाली दहा मिनिटांपूर्वी तीन माणसे भाकरी खात बसली होती. ती भोके मी स्वतः बोट घालून पाहिली आहेत.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की, बंदूक ज्या माळ्यावर चालवायची त्याच माळ्यावर ठासायची. घरातून निघताना ती रिकामी आणि गवसणीत असते, दारू एका डब्यात, छर्रे दुसऱ्यात आणि केपा खिशातल्या तिसऱ्या डबीत. एका रात्री एकच माळा. भातावर बसलो तर काजूकडे जायचे नाही. तिकडे दुसऱ्या कोणाला डबे वाजवायला बसवायचे. ठासलेली बंदूक घेऊन माळ्यावरून उतरायचे नाही, हा नियम मी पाळला म्हणून रस्त्याचा प्रश्न माझ्यापुढे कधी उभाच राहिला नाही. पहाटेपर्यंत बार काढावा लागला नाही तर उजाडल्यावर, समोर कोणी नाही हे डोळ्यांनी पाहून, माळ्याच्या पायथ्याच्या भुसभुशीत मातीत तो काढून टाकायचा. दारू आणि छर्रे वाया जातात, ते जाऊ द्यावेत.

आणखी एक गोष्ट. माळा रस्त्याच्या बाजूला पाठ करून बांधा, म्हणजे आपल्या तोंडासमोर कधी रस्ता येणारच नाही. उंचावरून खाली मारलेला बार मातीत जातो, जमिनीवर उभे राहून आडवा मारलेला बार कुठे थांबेल ते सांगता येत नाही. डुकरासाठी जे मोठे छर्रे वापरतात ते पाचशे मीटर किंवा त्याहूनही पुढे जाऊ शकतात, आणि कातळावर किंवा डांबरावर आपटले तर दिशा बदलून उडतात. ५० फुटांची गोष्ट त्यापुढे किती टिकते ते आपणच पाहा.

निवृत्त वनपाल यांचे उत्तर

वरच्या दोन्ही उत्तरांत बंदुकीचा विचार झाला आहे, जनावराचा झालेला नाही, आणि शेतकरी सर्वांत जास्त अडकतो तो तिथेच. शेतसंरक्षणाचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. तो शस्त्र अधिनियमाखालचा कागद आहे. जनावराचा कागद वेगळा, आणि तो वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ खाली मिळतो. रानडुक्कर सध्या अनुसूची २ मध्ये आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. आपण प्रथम वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात पिकाच्या नुकसानीचा अर्ज आणि पंचनामा यांपासून सुरुवात करावी. गव्याची गोष्ट पूर्णपणे निराळी आहे. तो अनुसूची १ मध्ये आहे, त्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आहे, आणि भात त्यानेही खाल्ले असले तरी त्याच्यावर छर्रे उडवण्याचा विचारही करू नये. अंधारात हलणारी काळी आकृती डुकराची की गव्याच्या वासराची, हे ओळखता येत नसेल तर बार काढायचा नाही. त्याच आकृतीच्या जागी माणूस निघाल्याच्या घटना आपल्या भागात घडलेल्या आहेत.

परवानगीने मारलेले डुकरही सरकारी मालमत्ता असते. वनरक्षकाला कळवून पंचनामा होईपर्यंत ते हलवू नये, आणि वाटे तर मुळीच घालू नयेत.

रस्त्याच्या बाबतीत आमच्या खात्याची नजर कशी असते तेही सांगतो. ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत जनावर मारणे तर आहेच, पण पकडणे, हाकणे, आमिष दाखवणे आणि यांतले काहीही करण्याचा प्रयत्न हेसुद्धा आहे. रात्री जंगलातल्या रस्त्यावर जीप हळूहळू चालली आहे, टपावर बॅटरीचा झोत दोन्ही बाजूंना फिरतो आहे आणि आत ठासलेली बंदूक आहे, असे आढळले तर एकही जनावर मेलेले नसले तरी गाडी थांबवून झडती घेण्याचा अधिकार कलम ५० देते. गुन्ह्यात वापरलेले वाहन आणि शस्त्र दोन्ही जप्त होऊन सरकारजमा होऊ शकतात. १९९१ पूर्वी, शिकारीचे परवाने मिळत असत त्या काळातही, चाकांच्या वाहनातून शिकार करण्याला या कायद्याच्या तेव्हाच्या कलम १७ मध्ये मनाई होती. शिकारीलाच बंदी आल्यावर ते कलम वगळले गेले. आपण चालत होतात आणि पोलीस पाटील आपल्याला ओळखत होते, हे आपल्या पथ्यावर पडले. मोटारसायकलवर मागे बॅटरीवाला आणि मांडीवर उघडी बंदूक असे आपण सापडला असता, तर राखणीला निघालो होतो हे पटवून देणे आपल्याला जड गेले असते. शिवाय दोषी ठरल्यास न्यायालय बंदुकीचा परवाना रद्द करून पुढची पाच वर्षे नवा परवाना मिळण्यास अपात्र ठरवू शकते.

बागायतदार

आपण तिघांनी जे सविस्तर लिहिले ते मी मुलाला मोठ्याने वाचायला लावले. कलम ९ चे वाक्य त्याने दोनदा वाचले. बंदूक त्याच्या हातात देणे बंद केले आहे.

आणखी एक शंका आहे. बंदुकीच्या घोड्याची कमान सैल झाली असून ती कोल्हापूरला दुरुस्तीला न्यायची आहे. फोंडा घाटातून दाजीपूरवरून जाताना राधानगरी अभयारण्याचा परिसर लागतो. रस्ता सार्वजनिक आहे आणि बंदूक रिकामी, गवसणीत असेल. तेवढे पुरेसे आहे का?

फौजदारी वकील

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. अभयारण्यात कोणाला जाता येते हे वन्यजीव अधिनियमाच्या कलम २७ मध्ये आहे आणि त्यात सार्वजनिक महामार्गाने अभयारण्यातून जाणाऱ्या व्यक्तीला सूट दिलेली आहे. त्यामुळे माणसाला परवानगी लागत नाही. परंतु कलम ३१ स्वतंत्रपणे म्हणते की, मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी यांच्या पूर्व लेखी परवानगीशिवाय कोणीही शस्त्र घेऊन अभयारण्यात प्रवेश करू नये, आणि या कलमात महामार्गाची सूट पुन्हा लिहिलेली नाही. ती सूट शस्त्रालाही लागू होते असा युक्तिवाद न्यायालयात करता येईल, पण तो करण्याची पाळी आपल्यावर का यावी? लेखी परवानगी घ्या, नाहीतर अभयारण्य टाळून दुसऱ्या घाटाने जा. दुरुस्तीला नेत असल्याचा कागद आणि मूळ परवाना जवळ ठेवा, बंदूक गवसणीत आणि दारू-छर्रे घरी ठेवा.

निघण्याच्या आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात एक चौकशी मात्र अवश्य करा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खालचा मनाई आदेश दोन्हींपैकी एखाद्या जिल्ह्यात त्या वेळी लागू असेल तर शस्त्र घेऊन फिरण्यावर बंदी असते. सण, मोर्चे आणि निवडणुका यांच्या काळात असे आदेश निघतच असतात, आणि अनेक परवानाधारकांना ते अडवले जाईपर्यंत कळत नाहीत.

आपल्या पहिल्या लेखनातले एक वाक्य मला आज पुन्हा वाचताना खटकले. काजूची बाग शेजारच्या गावात येते, असे आपण म्हटले आहे. परवान्यावर क्षेत्राचा रकाना असतो. त्यात काय लिहिले आहे ते कृपया पाहून सांगा.

बागायतदार

आत्ता कपाटातून परवाना काढून पाहिला. क्षेत्राच्या रकान्यात फक्त आमच्या गावाचे नाव आहे. वडिलांच्या जुन्या पुस्तकातही तेवढेच होते, आणि माझ्या अर्जात मी त्यांच्याकडचेच जसेच्या तसे उतरवून दिले होते. म्हणजे रस्ता ओलांडून बागेत बंदूक नेली ती प्रत्येक वेळ परवान्याच्या क्षेत्राबाहेरची होती, आणि हे वडिलांच्या काळापासून चालत आले आहे. रस्त्याची काळजी करत बसलो होतो, आणि चूक त्याच्या पलीकडे होती. आज रात्रीपासून बंदूक रस्त्याच्या अलीकडेच राहील. बागेत मुलगा आणि गडी डबे व फटाके घेऊन बसतील.

फौजदारी वकील

शस्त्र अधिनियमाच्या कलम १७(२) प्रमाणे परवानाधारकाच्या अर्जावरून परवाना प्राधिकारी विहित अटी सोडून इतर अटींत बदल करू शकतात. त्याच तरतुदीचा आधार घेऊन जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करा, दोन्ही गावांचे सातबारे व आठ-अ जोडा, बागेतल्या नुकसानीचा वनखात्याने केलेला पंचनामा असेल तर तोही जोडा, आणि शेजारच्या गावाच्या नावासह गट क्रमांकही रकान्यात लिहून द्यावा अशी स्पष्ट विनंती करा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. मात्र पोच म्हणजे मंजुरी नव्हे. नव्या नोंदीवर शिक्का पडेपर्यंत बाग परवान्याबाहेरच आहे असे समजून चाला.